मॅच, दारू आणि राडा: नाशिककर फुटबॉलवेड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपण हॉल घेऊन मोठ्या पडद्यावर एकत्र मॅच बघणारा फॅन ग्रुप, आणि सीझन सुरू झाला की ग्रुपवर दर शनिवारी तेच तेच प्रश्न येतात, कोणीतरी उत्तर देतं, मग खाली दोनशे मीम पडतात आणि उत्तर गायब. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. नवीन आलेल्यांनी वाचा, जुन्यांनी तर नक्कीच वाचा, कारण राडा करणारे बहुतेक जुनेच असतात.

स्क्रीनिंगच्या हॉलमध्ये दारू चालते का?

नाही. प्रायव्हेट कार्यक्रमात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं एक दिवसाचं लायसन लागतं, आणि समजा ते काढलं तरी हॉलवाले काका ऐकणार नाहीत, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुडा असतो. स्प्राइटच्या बाटलीत व्होडका मिसळून आणली तर कोणाला कळत नाही असंही समजू नका, अर्धा हॉल त्याच कॉलेजातून पास झालाय.

बरं, बाहेर टाकून आलं तर चालेल?

चालेल म्हणजे आम्ही तोंडाचा वास घेत दारात उभे राहत नाही. सरळ चालता येतंय, खुर्ची आपली आपल्याला सापडतेय, शेजारच्याच्या मांडीवर बसत नाही, तर या. पण खरी गंमत इथेच आहे, जरा सविस्तर सांगतो.

हिवाळ्यात इंग्लंडमधल्या दुपारी तीनच्या मॅच आपल्याकडे साडेआठला येतात. हॉलमध्ये दारू नाही हे माहीत असतं, म्हणून भाई लोक सात वाजताच कॉलेज रोडच्या मागे कुठेतरी बसतात, आणि साडेआठच्या आत 'कोटा' संपवायचा असतो म्हणून जी क्वार्टर एरवी तीन तास पुरते ती तासाभरात आत जाते, चकण्याला नुसते शेंगदाणे. किकऑफला मंडळी हसतमुख असतात. चढते साधारण विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला. मग हाफटाइमला पंधरा मिनिटांत पळत जाऊन अजून दोन पेग उभ्याउभ्या मारून यायचं, आणि सेकंड हाफला जो काही माणूस परत येतो तो वेगळाच असतो. म्हणजे बंदीमुळे पिणं कमी झालं नाही, फक्त घाईचं झालं. याच कारणासाठी आपला एक साधा नियम आहे, हाफटाइमला बाहेर गेलात तर परत एंट्री मिळेलच असं नाही. यावरून शिव्या खूप खाल्ल्यात, अजून खाऊ.

पण इंग्लंडमध्ये तर लोक स्टेडियमात बिअर पीत मॅच बघतात ना?

इथेच सगळ्यांची फसगत होते. इंग्लंड-वेल्समध्ये 1985 च्या कायद्यानं मोठ्या लीगच्या फुटबॉल मॅचला मैदान दिसेल अशा जागी दारू पिणं गुन्हा आहे. मॅचला जाणाऱ्या खास बस-ट्रेनमध्ये दारू नेणं गुन्हा, झिंगून स्टेडियमात शिरणं हाही गुन्हा. बिअर मिळते, पण स्टँडच्या मागच्या पॅसेजमध्ये, आणि ग्लास घेऊन सीटवर जाता येत नाही. त्यामुळे तिथेही आपल्यासारखंच, किकऑफच्या आधी आणि हाफटाइमला ढकलाढकली करत घटाघटा. त्याच देशात क्रिकेटला लॉर्ड्सवर बसून निवांत पितात, रग्बीला पितात, फक्त फुटबॉलवाल्यांवर विश्वास नाही. तिकडचे फॅन यावर कायम चिडलेले असतात आणि मला त्यांचं पटतं.

स्कॉटलंडनं हे आधीच केलं होतं. 1980 च्या स्कॉटिश कप फायनलला सेल्टिक रेंजर्सविरुद्ध जिंकल्यावर दोन्हीकडचे फॅन ग्लासगोच्या हॅम्पडन स्टेडियमच्या मैदानात उतरले, बाटल्या, दगड, घोड्यावरचे पोलीस, सगळं टीव्हीवर लाइव्ह, आणि त्याच वर्षी कायदा आला. जर्मनीत मात्र स्टँडमध्ये उभं राहून प्लॅस्टिकच्या ग्लासात बिअर पिता येते आणि लीग काही बुडाली नाही. (गोल झाला की तेच ग्लास हवेत उडतात, पुढच्या रांगेतल्यांची आंघोळ होते, ते वेगळं.)

म्हणजे फुटबॉलचे दंगे दारूमुळे होतात, बरोबर?

अर्धवट बरोबर. 2016 च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, फ्रान्समधल्या मार्सेलला काय झालं बघा. इंग्लंड-रशिया मॅच होती, 11 जूनला. इंग्लंडचे फॅन जुन्या बंदराजवळच्या बारबाहेर आधीपासून ढोसत बसलेले, गाणी, बाटल्या, पोलिसांशी कटकट, सगळं चालू होतं. आणि त्यांच्यावर येऊन तुटून पडला तो रशियन टोळक्यांचा जथा, तिथल्या सरकारी वकिलांनी आकडा दिला साधारण दीडशे, आणि म्हणाले की हे पूर्ण तयारीनं आलेले लोक होते. म्हणजे टल्ली झालेले मार खात होते आणि मारणारे ठरवून आलेले होते. नियोजन करून डोकी फोडायला शुद्ध लागते भाऊ.

दुसरं उदाहरण 2004 चा युरो, पोर्तुगालमध्ये. हजारो इंग्लिश फॅन, ऊन, स्वस्त बिअर, सगळा मसाला तयार. पण ज्या शहरांत मॅच होत्या तिथल्या पोलिसांनी हेल्मेट-ढाली मागे ठेवल्या, साध्या युनिफॉर्ममध्ये गर्दीत फिरले, बोलले, चिडलेल्याला लवकर बाजूला घेतलं, आणि तिथे मोठं काही घडलं नाही. राडा झाला तो मॅच-बिच नसलेल्या अल्बुफेरा या बीचच्या गावात, जिथलं पोलीस दल वेगळं होतं आणि पद्धत जुनीच. बिअर दोन्हीकडे तीच.

आणि स्कॉटलंडचे फॅन परदेशात जातात तेव्हा शहरातली बिअर संपवतात म्हणून प्रसिद्ध आहेत, पण बहुतेक वेळा किल्ट घालून नाचतात, लोकल लोकांबरोबर फोटो काढतात आणि घरी जातात. तेव्हा दारूनं आवाज वाढतो, अक्कल कमी होते, तोल जातो, हे सगळं खरं, पण कोणाला मारायचं हे दारू ठरवत नाही.

इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमला दारुड्या फॅनमुळे चेंगराचेंगरी झाली असं ऐकलंय?

हे खोटं आहे आणि हॉलमध्ये मोठ्यानं बोलू नका, लिव्हरपूलवाले बसलेले असतात. बोललात तरी त्यांच्या आधी मीच उठेन, आणि मी लिव्हरपूलवाला नाही.

15 एप्रिल 1989, शेफील्ड, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलीस कमांडरनं एक्झिटचं एक गेट उघडायला लावलं, पण आतल्या आधीच भरलेल्या जाळीच्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही, लोक सरळ तिकडे गेले आणि पुढचे जाळीवर चिरडले गेले. एकूण 97 माणसं गेली, सगळ्यात लहान मुलगा 10 वर्षांचा. त्याच दुपारी त्या कमांडरनं सांगितलं की फॅननी गेट तोडलं. मग चार दिवसांनी एका टॅब्लॉइडनं पहिल्या पानावर छापलं की दारुड्या फॅननी मेलेल्यांचे खिसे मारले, पोलिसांवर लघवी केली. मेलेल्यांच्या रक्तात अल्कोहोल किती ते तपासलं गेलं, लहान मुलांच्या सुद्धा. विचार करा, बाप मुलाची ओळख पटवायला आलाय आणि त्याला विचारतायत की तुम्ही आज किती प्यायला होतात.

1989 मध्येच चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी सांगितलं होतं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे आहे. तरी दारूची गोष्ट लोकांच्या डोक्यातून जाईना. 2012 ला स्वतंत्र पॅनेलनं कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा कळलं की पोलिसांचे 164 जबाब नंतर बदलले होते. 2016 ला ज्युरीनं निकाल दिला, मृत्यू बेकायदेशीर, फॅनचा दोष नाही. 27 वर्षं लागली. लिव्हरपूल शहरात तो टॅब्लॉइड पेपर आजही लोक हातात घेत नाहीत.

हे एवढं लांबण लावायचं कारण असं की 'प्यायलेले होते' हे म्हणणं दोन्ही बाजूंना फार सोयीचं पडतं. फॅनला वाटतं, चढली होती म्हणून माफ करा. सिस्टिमला वाटतं, चढली होती म्हणून त्यांचीच चूक. आपल्याकडेही गर्दीत काही झालं की पहिली बातमी हीच येते, दारूच्या नशेत. कधी खरी असते, कधी आयोजकाला गेट एकच ठेवल्याचं लपवायचं असतं.

मग दारूमुळे खरंच गडबड झाली असं एकही उदाहरण नाही का?

आहे की. वेम्बली, 11 जुलै 2021, युरोची फायनल, इंग्लंड-इटली. मॅच रात्री आठची आणि लोक सकाळपासून वेम्बलीच्या रस्त्यावर पीत होते, कोविडनं दीड वर्ष कोंडलेलं सगळं त्या दिवशी बाहेर आलं. दारू होती, कोकेनही होतं. तिकीट नसलेले सुमारे 2000 लोक आत घुसले, काही तर अपंग प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या गेटमधून. नंतर बॅरोनेस लुईस केसी यांचा रिपोर्ट आला, त्यात स्पष्ट होतं की लोक मरता मरता वाचले. यूएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, इंग्लंडला एक लाख युरो दंड लावला आणि एक मॅच रिकाम्या स्टेडियमात खेळायला लावली. इंग्लंड पेनल्टीवर हरलं. जिंकलं असतं तर बाहेरचे हजारो लोक गेट उघडायच्या वेळी आत घुसले असते ही भीती त्या रिपोर्टात आहे, म्हणजे पेनल्टी चुकल्यानं जीव वाचले असं म्हणायची वेळ.

कतारनं बिअर बंद केली ते बरोबर होतं?

2022 ला वर्ल्ड कप सुरू व्हायच्या दोन दिवस आधी स्टेडियममधली बिअर बंद केली, तीही बिअर कंपनी मोठी स्पॉन्सर असताना. फॅन झोनमध्ये संध्याकाळी मिळायची, अर्धा लिटर 50 रियाल, म्हणजे हजार रुपयांच्या पुढे, त्या किमतीत कोण झिंगणार. इंग्लंड-वेल्सचा एकही फॅन तिथे अटक झाला नाही आणि ब्रिटिश पोलिसांनीही दारू कमी असण्याकडे बोट दाखवलं. पण तिथे गेलेली गर्दीच वेगळी होती, महागडा प्रवास, कमी लोक, ज्यांना फक्त धिंगाणा घालायचा होता ते पबमध्ये घरीच बसले. शिवाय मॅचच्या दोन दिवस आधी नियम बदलणं हे कोणत्याही हिशोबानं चुकीचंच.

आपल्या नाशकात असलं काही होत नाही, मग एवढे नियम कशाला?

दंगल होत नाही, मान्य. होतं ते छोटं आणि चिवट. सिडकोतला मँचेस्टर युनायटेडवाला आणि नाशिकरोडचा लिव्हरपूलवाला, दोघांनी पासपोर्ट सुद्धा काढलेला नाही, आणि ऑफसाइडवरून आईबहिणीपर्यंत पोचतात. एकदा तर एक भाऊ गोल झाल्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढला, खुर्चीचे मागचे दोन पाय टाइल्सवर हळूहळू फाकत गेले, सगळ्यांना दिसत होतं, त्याला सोडून, आणि तो पडला तो प्रोजेक्टरच्या वायरवर. पुढची वीस मिनिटं भिंतीवर निळा स्क्रीन. त्या वीस मिनिटांत दुसरा गोल झाला. त्याला कोणी हात लावला नाही हे आपल्या ग्रुपचं मोठेपण.

बाकी तक्रारी ठरलेल्या असतात. बेसिनमध्ये उलटी. पार्किंगमध्ये रात्री एक वाजता चँट, वरच्या मजल्यावर दहावीची मुलगी अभ्यास करतेय. रिक्षावाल्या दादांशी भाड्यावरून हुज्जत. हॉल जातो तो असल्या गोष्टींमुळे, आणि कोणी नवीन हॉल द्यायला तयार होत नाही, 'फुटबॉलवाले' म्हटलं की फोन ठेवतात.

मी फक्त बिअर पितो, बिअरनं काय होतंय?

गणित करू. इंग्लंडमधली साधी लागर पाइंटमध्ये 568 मिली येते, चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण 23 मिली शुद्ध अल्कोहोल. आपली स्ट्राँगची 650 मिलीची बाटली, साडेसात टक्के धरा, 48-49 मिली. म्हणजे तुमची एक बाटली त्यांच्या दोन पाइंट. 'तिकडचे चार-चार पाइंट मारतात' म्हणत तुम्ही चार स्ट्राँग मारल्या तर ते आठ झाले. आणि नाशिकचे आहोत म्हणून वाईनला सरबत समजणारे पण आहेत, ती बारा-तेरा टक्के असते, द्राक्षं आपल्या गावची असली तरी चढायची तेवढी चढतेच.

वयाचं काय?

महाराष्ट्रात वाईन-बिअरला 21, हार्ड ड्रिंकला 25. शिवाय कागदोपत्री परमिट लागतं, एक दिवसाचं पाच रुपयांत मिळतं. कॉलेजच्या पोरांनो, तुमच्यापैकी निम्मे कशातच बसत नाही. ग्रुपमधल्या दादा लोकांनी ज्युनियरला 'पहिला पेग' पाजायची हौस बाहेर भागवावी, किंवा भागवूच नये.

पोलिसांनी पकडलं तर?

दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 355 आहे, 24 तासांपर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा वेगळा, तोही लागू शकतो. ग्रुपचं नाव सांगून उपयोग नाही. नगरसेवकाला फोन लावूनही बहुतेक वेळा प्रकरण वाढतंच.

हॉल घरापासून दोनच किलोमीटर आहे, गाडी चालवली तर?

नाही. शंभर मिली रक्तात 30 मिलीग्रॅम ही आपली मर्यादा आहे, इंग्लंडमध्ये 80 आहे, म्हणजे आपला कायदा जास्त कडक. पहिल्यांदा सापडलात तर दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शरीर साधारण एका तासात एक छोटा पेगच जिरवतं, लिंबू पाणी, कडक कॉफी, अंघोळ, कशानंही ते लवकर होत नाही. गंगापूर रोड रात्री रिकामा दिसतो म्हणूनच लोक तिथे ऐंशीनं पळवतात. गाडी हॉलवर ठेवा, सकाळी न्या, वॉचमन काकांना चहापाणी आपण देतो.

मित्र आउट झाला तर काय करायचं?

व्हिडिओ काढू नका, हे पहिलं. त्याला कुशीवर वळवून झोपवा, पाठीवर अजिबात नाही, उलटी घशात अडकून माणूस जातो. बोटं घालून उलटी काढू नका, तोंडात लिंबू पिळू नका, गार पाण्याखाली उभं करू नका. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास अगदी हळू किंवा अडखळत असेल, अंग थंड, ओठ निळसर वाटत असतील तर सरळ 108 ला फोन, घरच्यांना काय सांगायचं हा विचार नंतर. आणि एकजण त्याच्याजवळ बसलाच पाहिजे, मॅच कुठलीही असो. एक्स्ट्रा टाइम असला तरी.

मुली आल्या तर सेफ आहे का?

येतात, आणि त्यांच्यातल्या दोघीतिघींना टॅक्टिक्स आपल्या अर्ध्या ग्रुपपेक्षा जास्त कळतात. त्रास कसा होतो तर, 'ऑफसाइड म्हणजे काय सांग बघू' पासून सुरू होतं, गोल झाल्यावर मिठी मारण्यापर्यंत जातं, आणि नंतर सॉरी ताई, चढली होती. हे चालणार नाही. तक्रार आली की त्या दिवशीची मॅच संपली, आधी बाहेर, चर्चा उद्या. त्याच माणसाला चढलेली असताना हॉलवाल्या काकांना मिठी मारायची इच्छा कशी होत नाही ते एकदा विचारायचंय.

हरल्यावर घरी गेलो की बायको म्हणते तुझं तोंड बघवत नाही. यात काय प्रश्न?

हसण्यावारी नेऊ नका. इंग्लंडच्या लँकेस्टर युनिव्हर्सिटीनं 2002, 2006 आणि 2010 च्या वर्ल्ड कपचे लँकशायर पोलिसांचे रेकॉर्ड तपासले, इंग्लंड जिंकलं किंवा बरोबरीत सुटलं त्या दिवशी घरगुती मारहाणीच्या तक्रारी 26 टक्के जास्त, हरलं त्या दिवशी 38 टक्के जास्त. जिंकल्यावर पण जास्त, हे लक्षात घ्या. म्हणजे स्कोअरचा राग हे पूर्ण कारण नाही. पिऊन, टीम हरून घरी जाताना राग डोक्यात असेल तर अर्धा तास मित्राबरोबर चालत जा, किंवा त्याच्याकडेच झोपा. आणि घरातल्या कोणाला त्रास होत असेल तर 112 आहे, ती 'घरातली गोष्ट' नसते.

अंधेरीला आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) मॅच बघायला ग्रुपची गाडी जाते, त्यात चालते का?

ट्रॅव्हलरमध्ये बाटली नाही. कसारा घाटात कोणीतरी 'दादा दोन मिनिटं थांबवा' म्हणतं आणि मग दर पंधरा मिनिटांनी थांबवायला लागतं, किकऑफ चुकतो. शिवाय गेटवर तोल गेलेल्याला अडवतात, मग तो बाहेर, त्याचं तिकीट वाया, आणि त्याच्याबरोबर कोण थांबणार यावर भांडण.

मॅच ड्राय डेला आली तर?

तर मॅच बघा. 2025-26 चा सीझन इंग्लंडमध्ये 15 ऑगस्टलाच सुरू झाला, आपल्याकडे घड्याळात रात्रीचे साडेबारा म्हणजे तारीख 16, आणि यावरून ग्रुपवर 'ड्राय डे संपला की नाही' हा वाद लिव्हरपूल-बोर्नमथपेक्षा जास्त रंगला. दुकानं बंदच होती.

राडा केला तर ग्रुपमधून कायमचं काढतात का?

सहसा नाही. पहिल्यांदा दोन स्क्रीनिंग बंद आणि जे फुटलं त्याचे पैसे. पुन्हा केलं तर सीझन बंद. मारामारी किंवा मुलींना त्रास, तर थेट बाहेर. जास्त वाटत असेल तर इंग्लंडचं बघा, तिथे कोर्ट बॅनिंग ऑर्डर, म्हणजे मॅचला जायची बंदी, काढतं, कमीत कमी तीन वर्षं, जेल झाली असेल तर सहा ते दहा, आणि टीम परदेशात खेळणार असेल तर पासपोर्ट पोलिसांकडे जमा. आपण फक्त व्हॉट्सअॅपवरून काढतो.

चढली होती, आठवत नाही, तरी पैसे भरायचे?

हो. बाकी हॉलभर लोकांना आठवतं.

पिणार नसेन तर रात्री दीडच्या चॅम्पियन्स लीगला जागं कसं राहायचं?

चहा हॉलवर असतो, हाफटाइमला वडापाव येतात, ते आधी सांगितले तरच, आयत्या वेळी मिळत नाहीत. मॅच साडेतीनला संपते. सकाळी सहाला मिसळ उघडते तोपर्यंत थांबणारे थांबतात, बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या एकावर एक रचून जायचं आणि खाली जिन्यात ओरडायचं नाही.